मागे पडणारं घड्याळ

दादरच्या घरात दोन पिढ्या बिनतक्रार चाललेलं टोल्याचं घड्याळ बेंगळुरूला मुलाकडे येतं. मल्लेश्वरमच्या फ्लॅटमध्ये नवा खिळा ठोकला जातो, घड्याळ लटकतं, चावी दिली जाते. आठवडा उलटतो आणि लक्षात येतं, की ते तीनेक मिनिटं मागे पडलंय. मग घरात चर्चा. प्रवासात आदळलं असणार. नाही हो, तेल वाळलं असेल. शेवटी कुणीतरी काच उघडून गोळ्याखालचा छोटा नट थोडा वर चढवतं, घड्याळ रांगेला लागतं आणि विषय तिथंच संपतो.

घड्याळात बिघाड मुळीच नसेल, ही शक्यता सहसा कुणाच्या मनात येत नाही. मुंबई समुद्राला लागून, १९ अक्षांशाजवळ. बेंगळुरू १३ अक्षांशाजवळ आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच. विषुववृत्ताकडे सरकलं की पृथ्वीची ओढ कमी होते, उंच चढलं की आणखी कमी होते. मुंबईत ही ओढ सेकंदाला सुमारे ९.७८६ मीटर इतका वेग वाढवते, बेंगळुरूत सुमारे ९.७८०. फरक जेमतेम सोळाशेत एक. कोणत्याही वाण्याच्या तराजूला तो कळणार नाही, कारण तराजूच्या दोन्ही पारड्यांवर ओढ सारखीच कमी होते. लंबकाला मात्र कळतो. दर झोक्याला त्याला किंचित उशीर होतो, आणि दिवसाकाठी हे उशीर साठून साधारण २७ सेकंद होतात. घड्याळाने नव्या गावाची पहिली बातमी आणली होती. आपण नट फिरवला आणि बातमी पुसली.

लंबक आपल्या इतक्या सरावाचा आहे की तो सतत पडत असतो, हे विसरायला होतं. गोळा बाजूला ओढून सोडला की तो खाली पडायला निघतो. दोरी त्याला सरळ पडू देत नाही, म्हणून तो कमानीवरून पडतो. तळाशी येतो तेव्हा वेग भरात असतो, त्यामुळे तिथं थांबणं जमत नाही. तो पलीकडे चढत जातो, चढताना वेग खर्ची पडतो आणि जवळजवळ तितक्याच उंचीवर क्षणभर थबकून पुन्हा पडायला लागतो. घड्याळाची स्प्रिंग फक्त हवेने आणि आसाच्या घर्षणाने खाल्लेली ऊर्जा दर झोक्याला परत देते. बाकी सगळं काम पडण्याचंच.

गंमत आहे ती पडायला लागणाऱ्या वेळेची. बागेतल्या एकाच लांबीच्या दोन झोपाळ्यांवर एक गुटगुटीत आणि एक काटकुळं मूल बसवा. दोघांचे झोके जवळजवळ सारख्याच वेळात होतात. जड मुलावर ओढ जास्त असते, पण त्याला हलवणंही तेवढंच जास्त जड असतं. हिशेब फिटतो. झोका लांब घेतला तरी फारसा फरक पडत नाही. जास्त अंतर जायचं असतं, पण चढ जास्त असल्यामुळे वेगही जास्त मिळतो. फरक पडतो तो दोरीच्या लांबीने. दोरी चौपट केली की झोक्याला दुप्पट वेळ लागतो. आणि दुसरा फरक पडतो खालून ओढणाऱ्या पृथ्वीने. शाळेत पाठ केलेल्या सूत्रात, वर्गमूळाच्या आत, याच दोघांना जागा आहे. वर लांबी, खाली गुरुत्व. गोळ्याचं वजन तिथं नाहीच, आणि झोक्याचा आवाकाही नाही.

आवाक्याबद्दल सूत्र थोडं खोटं बोलतं, हे मात्र सांगायला हवं. झोका मोठा झाला की वेळ वाढतोच. लंबक मध्यापासून दोन्ही बाजूंना ५ अंश जाऊ दिला, तर अगदी बारीक झोक्याच्या तुलनेत तो दिवसाला सुमारे ४१ सेकंद मागे राहतो. ३० अंशांपर्यंत सोडला तर दिवसाला पंचवीस मिनिटं. गॅलिलिओला वाटायचं की झोका केवढाही असो, वेळ तेवढाच. ख्रिश्चन हायगेन्सने १६५६ साली पहिलं लंबकाचं घड्याळ घडवलं, तेव्हा त्याला ही गफलत ठाऊक होती. १६७३च्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिलं, की वेळ खरोखर सारखा हवा असेल तर गोळा वर्तुळाच्या कमानीवरून नव्हे, चक्रज नावाच्या वेगळ्याच वक्रावरून गेला पाहिजे. घड्याळजींनी पुढे सोपा मार्ग पत्करला. झोकाच लहान ठेवला.

आता बातमीकडे. ती पहिल्यांदा वाचली गेली १६७२ मध्ये. जाँ रिशे नावाचा खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेन बेटावर, विषुववृत्तापासून अवघ्या ५ अंशांवर, ग्रह-ताऱ्यांचे वेध घ्यायला गेला. पॅरिसमध्ये नीट लावलेलं त्याचं घड्याळ तिथं रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक तीनेक मिलिमीटर आखूड केला तेव्हा कुठे ताऱ्यांशी मेळ बसला. तो परतल्यावर पॅरिसच्या विद्वानांत काहींनी नाकं मुरडली. उष्ण प्रदेशात धातू प्रसरण पावतो, लंबक लांबला असेल, रिशेच्या हातून चूक झाली असेल. म्हणजे आपल्या मल्लेश्वरमच्या घरातलीच चर्चा. आयझॅक न्यूटनने मात्र उष्णतेचा हिशेब वेगळा मांडून पाहिला. तेवढ्याने एवढा फरक पडत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. रिशेच्या घड्याळाचा हा आळस त्याने ‘प्रिन्सिपिया’त पुरावा म्हणून उभा केला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ती मधे फुगलेली आणि ध्रुवांना चपटी आहे, तेव्हा विषुववृत्तावर ओढ कमीच असणार. एका मागे पडणाऱ्या घड्याळाने पृथ्वीचा आकार सांगितला होता.

मला या गोष्टीचं जास्त अप्रूप वाटतं ते तिचा पुढचा धागा बेंगळुरूतून जातो म्हणून. या शहराला उपग्रह, संगणक, विमानं यांची कौतुकं ऐकायची सवय आहे. लंबकाशी त्याचं जुनं नातं आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

श्रीरंगपट्टणच्या १७९९च्या लढाईत असलेला विल्यम लॅम्बटन वर्षभरातच हातात साखळी घेऊन बेंगळुरूजवळच्या माळरानावर उभा होता. १८०० सालच्या अखेरीस त्याने इथं सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजली. त्यासाठी वापरलेली शंभर फुटी पोलादी साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून इंग्लंडहून पाठवलेल्या सामानातली होती. बादशहाने ती नाकारली आणि ती फिरत फिरत हिंदुस्थानात आली. पुढे हेच काम देशभर पसरलं आणि महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण या नावाने ओळखलं गेलं. लॅम्बटन त्यातच झिजला. १८२३च्या जानेवारीत हिंगणघाटला त्याचं निधन झालं. वर्धा जिल्ह्यात त्याची कबर आहे. कापसाच्या गावात पृथ्वी मोजणारा माणूस निजलाय, हे विदर्भातल्या किती शाळांतून सांगितलं जातं, कोण जाणे.

लॅम्बटनच्या हाताखालच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांपैकी दोघं पुढे लंबकाकडे वळले. जॉन वॉरनने १८०९ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत सेकंदाच्या लंबकाची लांबी मोजली. दुसरा हेन्री केटर. म्हैसूर-मलबारच्या त्रिकोणांवर राबता राबता त्याची प्रकृती ढासळली आणि त्याला मायदेशी परतावं लागलं. तिथं त्याने १८१७च्या सुमारास असा लंबक बनवला, जो उलटा करूनही टांगता येई. त्याला दोन धारदार आस होते. सरकवजनं हलवत राहायचं, जोवर सुलट्या आणि उलट्या टांगणीत झोक्याचा वेळ एकच येत नाही. एकदा तो जुळला की दोन धारांमधलं अंतर हीच सूत्रातली नेमकी लांबी. गोळ्याचा मध्य कुठं, दांड्याचं वजन किती, ही सगळी कटकट एका फटक्यात बाद. लंडनला सेकंदाच्या लंबकाची लांबी त्याने ३९.१४ इंचांच्या आसपास ठरवली. बेंगळुरूत तोच लंबक सेकंद मोजायला हवा असेल तर तो सव्वातीन मिलिमीटरने आखूड करावा लागेल.

केटरच्या लंबकातल्या त्या धारा वूट्झ पोलादाच्या होत्या. वूट्झ म्हणजे दक्षिण हिंदुस्थानातल्या भट्ट्यांत, बंद मुशीत तयार होणारं ते नावाजलेलं पोलाद. कन्नडमध्ये पोलादाला आजही उक्कु म्हणतात. इंग्लंडच्या मापांचा पाया घालायला निघालेला लंबक ज्या धारेवर झुलत होता, ती धार आपल्याकडच्या लोहारांच्या विद्येची होती. (त्या पायाचं पुढे काय झालं, तीही एक मजाच. यार्डाचं मूळ माप हरवलं तर लंबकावरून ते पुन्हा बनवावं, असा कायदा ब्रिटिश संसदेने १८२४ मध्ये केला. दहा वर्षांनी संसदेलाच आग लागली आणि माप जळालं. तेव्हा समिती बसली आणि तिने लंबकाचा नाद सोडून जुन्या मापाच्या उरलेल्या नकलांवर भिस्त ठेवली.)

केटरने आणखी एक लंबक बनवला, आणि आजची सकाळ मला त्याच्यासाठीच खर्ची घालायची आहे. तो दिसायला अगदीच साधा. पितळेची चपटी पट्टी, वर एकच धार, खाली चपटा गोल गोळा. त्याला नट नाही. सरकवजन नाही. काहीच हलवता येत नाही, काहीच जुळवता येत नाही. त्याचं नावच न बदलणारा लंबक. एका ठिकाणी तो दिवसाला किती झोके घेतो ते मोजायचं, मग तो दुसऱ्या गावी न्यायचा आणि पुन्हा मोजायचं. लांबी तीच, गोळा तोच, धार तीच. मग झोक्यांत जो फरक येईल तो गावाचा.

असे दोन लंबक लंडनच्या रॉयल सोसायटीने १८६५च्या सुमारास हिंदुस्थानच्या सर्वेक्षणाला उसने दिले. त्याआधी ते क्यूच्या वेधशाळेत झुलवून त्यांची चाल नोंदवून ठेवली होती. काम सोपवलं होतं कॅप्टन जेम्स पॅलाडिओ बासेवी याच्याकडे. कन्याकुमारीजवळच्या टोकापासून डेहराडून-मसुरीपर्यंत, लॅम्बटनच्या मूळ रेषेच्या आधाराने, त्याने एकेक ठाणं घेत लंबक नेले. बेंगळुरूही त्यांतलं. १८६८ साली इथं नवी पायारेषा मोजली गेली. तिचं एक टोक आजच्या मेखरी सर्कलजवळ आणि दुसरं ईशान्येला सुमारे अकरा किलोमीटरवर कण्णूरु गावात. याच दोन टोकांवर लंबक झुलवले गेले. कण्णूरुचा जुना मनोरा अलीकडेच कोसळला. मेखरी सर्कलची जागा शिल्लक आहे, पण विमानतळाकडे धावणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत तिच्याकडे पाहायला सिग्नलही पुरत नाही.

बासेवीची मोजणी जवळून पाहण्यासारखी होती. लंबक तांब्याच्या उंच नळकांड्यात टांगलेला. आतली हवा पंपाने काढून टाकलेली, कारण हवा गोळ्याला किंचित तरंगवते आणि झोका लवकर मारते. लंबकाची पोलादी धार अकीकाच्या गुळगुळीत पट्टीवर टेकलेली. नळकांड्याला काचेची खिडकी, आत तापमापक. पितळेचा लंबक एक अंश सेल्सियसने तापला तर दिवसाला ०.८ सेकंद मागे पडतो, म्हणून तंबूतली ऊन-सावलीही हिशेबात धरावी लागे. झोका एखाद-दुसऱ्या अंशाचाच. मागे एक खगोलीय घड्याळ, त्याच्या लंबकावर चिकटवलेली पांढरी टिकली. समोर दुर्बिणीला डोळा लावून निरीक्षक बसलेला. दोन्ही लंबकांची चाल किंचित वेगळी असल्यामुळे ते हळूहळू एकमेकांपासून फाकत जातात, आणि काही मिनिटांनी पुन्हा अशा जुळणीत येतात की पुढच्या लंबकाची शेपटी मागची टिकली पुरती झाकते. तो क्षण लिहून घ्यायचा. मग पुढच्या जुळणीची वाट पाहायची.

या युक्तीत खरी चतुराई आहे. समजा दोन जुळण्यांमध्ये घड्याळाचे ५०० ठोके पडले, तर लंबकाचे ४९८ झाले, एवढं नक्की. निरीक्षक क्षण टिपण्यात एका पूर्ण सेकंदाने चुकला, तरी लंबकाच्या चालीत येणारी चूक लाखात एकापेक्षाही कमी. आणि अशा जुळण्या तासन् तास मोजत गेलं की तीही विरत जाते. डोळ्याने सेकंदाचा दहावा भागही नीट न टिपता येणाऱ्या माणसाने दिवसातल्या सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत पोचायचं, ते असं. मागचं घड्याळ खरं चालतंय की नाही, हे रात्री ताऱ्यांवरून ताडून पाहायचं. दिवसा लंबक, रात्री तारे. झोप केव्हा, हा प्रश्न कुणी विचारत नसावं.

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला इथली एक गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकावी लागते. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, रिक्षावाल्याकडे सुटे नसतात, घरमालक पाण्याच्या टँकरची वेळ बदलतो, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: स्वल्प ॲडजस्ट माडी. जरा जुळवून घ्या. मला या शहराचा हा गुण मनापासून आवडतो. एवढ्या भाषांची, एवढ्या गावांची माणसं इथं नांदतात ती प्रत्येकाने आपला नट थोडा थोडा फिरवला म्हणून. तरी अधूनमधून वाटतं, की याच शहराच्या एका टोकाला एक वस्तू मुद्दाम जुळवून न घेण्यासाठी आणली होती, आणि तिने जुळवून घेतलं असतं तर तिचा काहीच उपयोग नव्हता.

आपल्याकडे मूल नव्या शहरात आलं की पहिल्या सहामाहीत ‘मागे पडलंय’ असा शेरा येतो. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी. मूल गप्प बसतं, उशिरा बोलतं, वहीत अक्षर बिघडतं. लगेच शिकवणी लावली जाते. शिकवणी चूक असं नाही. पण त्या सहा महिन्यांत ते मूल कसल्या जमिनीवर उभं होतं, हे त्याच्या मागे पडण्यात लिहिलेलं असतं, आणि ते वाचायच्या आधीच आपण ते पुसून मोकळे होतो. मोठ्यांचंही तसंच. नव्या कचेरीत सुरुवातीला जी गोष्ट खटकते ती वर्षभरात खटकेनाशी होते. आपण म्हणतो, रुळलो.

अर्थात प्रत्येक मागे पडणं ही बातमी नसते. कधी कधी तेल खरंच वाळलेलं असतं. दोन्हींत फरक कसा करायचा, याचं उत्तर बासेवीच्या मंडळींकडे होतं, आणि ते चिंतनापेक्षा शिस्तीचं होतं. लंबक जिथून निघाला तिथं परत न्यायचा आणि पुन्हा झुलवायचा. चाल तीच भरली तर वाटेतले सगळे फरक गावांचे. बदललेली निघाली तर लंबकालाच काहीतरी झालंय. म्हणून काम संपल्यावर ते लंबक एडन आणि इस्माइलिया या ठिकाणी झुलवत परत क्यूला नेले गेले. आठेक वर्षांची वणवण त्या शेवटच्या मोजणीशिवाय हिशेबात धरता येत नव्हती.

ती शेवटची मोजणी बासेवीने केली नाही. १८७१च्या उन्हाळ्यात त्याने लंबक लडाखमध्ये मोरेच्या पठारावर नेले, सुमारे साडेपंधरा हजार फुटांवर. तिथली मोजणी पुरी करून तो आणखी उत्तरेला, आणखी उंचावर निघाला. थंडी आणि विरळ हवा त्याला सोसली नाही. १७ जुलैला तंबूतच तो गेला. चाळिशीही उलटली नव्हती. त्याचे वडील जॉर्ज बासेवी लंडनचे नामांकित वास्तुरचनाकार होते. मुलाच्या नावातला ‘पॅलाडिओ’ही इटलीच्या थोर वास्तुरचनाकाराचा. १८४५ मध्ये ईली इथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याची पाहणी करताना वडील वरून पडून वारले, तेव्हा हा तेरा-चौदा वर्षांचा होता. गुरुत्वाकर्षण मोजण्याचं काम पत्करताना त्याच्या मनात काय आलं असेल, याची कल्पना करण्याचा मोह मी आवरतो.

राहिलेलं काम कॅप्टन हेवीसाइडने पुरं केलं. आकडे मांडले गेले तेव्हा एक विचित्र चित्र दिसलं. उंचीमुळे ओढ किती कमी व्हावी याचा हिशेब होता. पायाखालच्या जास्तीच्या खडकाने त्यातली किती भरून काढावी, याचाही होता. मोरेच्या पठारावर लंबक त्या हिशेबापेक्षा हळू चालला. एवढा मोठा पर्वत खाली असून त्याची ओढ जणू नाहीच. उलट मिनिकॉयसारख्या बेटावर, चहूबाजूंना पाणी असताना, ओढ अपेक्षेहून जास्त.

हिमालय आपल्या वजनाला जागत नाही, ही शंका आधीच आली होती, आणि तीही एका लंबकामुळेच. थांबलेला लंबक म्हणजे गवंड्याचा ओळंबा. हिमालय जवळ असेल तर ओळंब्याने त्याच्याकडे थोडं झुकायला हवं. कोलकात्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये गणित मांडलं. सर्वेक्षणाच्या दोन ठाण्यांमध्ये १५.८९ विकलांचा फरक यायला हवा होता, प्रत्यक्षात आला ५.२४. पर्वताच्या खालचा भाग हलका असला पाहिजे, असा अर्थ त्यांतून निघाला. त्याच वर्षी जॉर्ज एअरींनी म्हटलं, की पर्वत खालच्या जड थरात मुळं सोडून तरंगतात. लंबकाच्या आकड्यांनी या विचाराला जोर दिला. वर जेवढं दिसतं त्याची भरपाई खाली कुठंतरी केलेली असते.

बेंगळुरूतल्या लालबागच्या खडकावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायाखाली साधारण तीन अब्ज वर्षांचा नीस खडक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलंय. दगडासारखं अचल काही नाही, असं त्यावर उभं राहून वाटतं. खाली मात्र अजून बरंच शिजतंय. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ओढ इतकी कमी आहे, की तिथली समपातळी जगाच्या सरासरीपेक्षा सुमारे १०६ मीटर खाली गेली आहे. पाणबुडीत लंबक घेऊन समुद्रावरचं गुरुत्व मोजणाऱ्या फेलिक्स व्हेनिंग माइनेझ या डच शास्त्रज्ञाचं नाव त्या खळग्याच्या शोधाशी जोडलेलं आहे. तो का पडला, याचं एक उत्तर २०२३ मध्ये बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेतून आलं. देबंजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी संगणकावर कोट्यवधी वर्षांची प्रावरणाची हालचाल उभी केली. टेथिस समुद्राचा बुडालेला तळ खोल गेला, त्याने आफ्रिकेखालचा तप्त ढीग ढवळला, आणि वर आलेल्या हलक्या, उष्ण पदार्थाने हिंदी महासागराखालची ओढ घटवली, असं त्यांचं म्हणणं आहे.

लंबक आता या कामातून निवृत्त झालाय. पुण्याच्या आयुकात आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनात तो टांगलेला दिसतो, तो फुकोचा, पृथ्वी फिरते हे दाखवणारा. त्याच्या झोक्याची दिशा पुण्यात एक फेरी सुमारे ७५ तासांत पुरी करते. बेंगळुरूत टांगला तर त्याला १०७ तासांच्या आसपास लागतील. तोही, म्हणजे, गावाप्रमाणे वेगळं बोलणाराच. वेळ सांगण्याचं काम मात्र अणुघड्याळांकडे गेलं. त्यांना झोका नाही, दोरी नाही. गाव बदललं तरी फरक पडू नये, अशीच आपली समजूत.

पण त्यांनाही पडतो, आणि उलट्या बाजूने. आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे उंचावर काळच किंचित लवकर चालतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत बेंगळुरूच्या उंचीवर लंबक दिवसाला बाराएक सेकंद मागे पडतो, अणुघड्याळ मात्र नऊएक अब्जांश सेकंद पुढे जातं. बहुतेक ठिकाणी ही चूक समजून दुरुस्त केली जाते, आणि ते योग्यच, नाहीतर उपग्रहावरून रस्ता सापडणार नाही. २०२०च्या टोकियोतल्या प्रयोगात मात्र ती तशीच राहू दिली. स्कायट्री मनोऱ्यात एक घड्याळ तळाशी आणि एक साडेचारशे मीटरवर ठेवलं. वरचं दिवसाला ४.२६ अब्जांश सेकंद पुढे निघालं. संशोधकांनी त्यावरून दोन घड्याळांमधली उंची काढली आणि लेसरने मोजलेल्या उंचीशी ती ताडून पाहिली.